आधी कोणी जायचं

आम्ही खानदेशी माणसं तोंडावर बोलतो, असं मी कतारमधल्या दोह्यात सगळ्यांना अभिमानाने सांगत असे. एक घाव दोन तुकडे. ज्याने पुढे स्वतःच्या लग्नाचं घोंगडं दीड वर्ष भिजत ठेवलं त्याने ही बढाई मारावी, याचं आज मला हसूसुद्धा येत नाही.

तिथल्या एका दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो आणि जिच्याशी ते लग्न व्हायचं होतं ती लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. मी नंदुरबारजवळच्या कोरीटचा, शेतकऱ्याचा मुलगा. ती फिलिपिन्समधल्या नारळाच्या बागांच्या एका गावची. रडणारी पोरं घेऊन ती माझ्या खोलीत यायची आणि काहीतरी गुणगुणत त्यांना गप्प करायची. तिथून ओळख वाढली. आम्ही बोलायचो इंग्रजीत, म्हणजे दोघांनाही परक्या असलेल्या भाषेत.

ती कधी ‘नाही’ म्हणत नसे. होकार असला की नुसत्या भुवया वर करायची. पहिले दोन महिने मला वाटत होतं की मी काहीतरी भलतंच बोललो. नकार असला की म्हणायची, “बघूया” किंवा “प्रयत्न करते.” एकदा मी आमच्या पद्धतीचं भरीत केलं, घरून आलेली मिरची सढळ हाताने घालून. तिने डोळ्यांतून पाणी काढत ते संपवलं, तीन ग्लास पाणी प्यायली आणि म्हणाली, “वेगळं आहे.” मी तिला खूप चिडवलं. म्हटलं, “ताकाला जाऊन भांडं लपवणारी बाई आहेस तू.” त्याचा अर्थ समजावून सांगितला तेव्हा ती पोट धरून हसली.

हळूहळू तिचे नकार मला ओळखता यायला लागले आणि मला वाटलं, ही बाई आपल्याला पुरती कळली. ती काही मागत असली तर कसं मागते, याचा मी विचारच केला नाही.

दुसऱ्या वर्षी मी तिला सरळ विचारलं, “लग्न करशील?” तिच्या भुवया वर गेल्या आणि मग ती रडली. त्याच आठवड्यात मी घरी फोन केला. मायने दोनच प्रश्न विचारले: पोरगी भाकरी खाते का, आणि देवाला हात जोडते का. मग फोन आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घेतला. मला वाटलं, आता तोफ डागणार. पण ते म्हणाले, “पोरवाला कोनना दारे जातस का रे? पोरीवाला येतस. तिना बापले सांग, एक फोन करी दे. मंग देखसूत.”

मला ते अगदी रास्त वाटलं. आमच्याकडे स्थळ मुलीकडून येतं, बोलणं मुलीकडचे काढतात. आप्पा आडवे पडले नाहीत, फक्त रीत मागताहेत, यातच मी खूश होतो. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, “तुझ्या बाबांना सांग, माझ्या वडिलांना एक फोन करायला. बाकी सगळं होईल.” ती हसली आणि म्हणाली, “सांगते.”

फोन आला नाही. कापूस निघाला, मिरच्या वाळवायच्या पथारी पडल्या, उठल्या. आप्पा दर रविवारी विचारायचे, “फोन उना का?” आणि मी सांगायचो, येईल. तिला विचारलं की ती म्हणायची, बाबांना जरा बरं नाही. किंवा, बाबा भावाच्या गावी गेलेत.

मधल्या काळात ती मला तिच्या घरच्या गोष्टी सांगत राहिली. आईने घराच्या पायऱ्यांना नवा रंग दिला. बैठकीत मोठं टेबल आणलं, आता दहा माणसं जेवायला बसू शकतात. आई विचारत होती, तुझी माय मांस खात नाही तर काय खाते? बाबा विचारत होते, तुझ्या वडिलांनी कधी विमानप्रवास केलाय का? मी प्रत्येक वेळी म्हटलं, “छान.” एकदा म्हटलं, “माय विमानाला घाबरते,” आणि मोठ्याने हसलो. 

वर्ष उलटलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी सुट्टीवर कोरीटला आलो, तर भावकीतले लोक विचारायला लागले. आप्पांची मान खाली गेली. मुलीचा बाप साधा फोन करत नाही, म्हणजे आपल्याला कवडीचीही किंमत नाही, असं ते धरून बसले. मी दोह्याला परतलो तो डोकं फिरलेलाच. तिला म्हणालो, “तुमच्या लोकांना कधी काही ठरवताच येत नाही.” हे मी बोललो. तिने वडिलांच्या वतीने माझी माफी मागितली.

त्यानंतर महिन्याभराने जेवताना ती म्हणाली, “इंग्लंडच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलंय. जावं की नाही, कळत नाही. तुला काय वाटतं?” मी अजून फुगलेलोच होतो, आणि वर मोठ्या मनाचा माणूस असल्याचा आवही आणला. म्हटलं, “तुझं आयुष्य आहे. तू ठरव. मी आड येणार नाही.” ती अर्धं ताट तसंच ठेवून उठली. पावसाळा संपता संपता ती गेली.

पुढचं मला तिच्या वॉर्डातल्या एका वयस्क नर्सने सांगितलं. तीही फिलिपिन्सचीच, सगळे तिला ताई म्हणायचे. तिने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, “तुझे आईवडील तिच्या घरी का गेले नाहीत?” मी आप्पांची रीत सांगितली. मग तिने त्यांची रीत सांगितली. त्यांच्याकडे मुलाचे आईवडील जेवण घेऊन मुलीच्या घरी जातात आणि तिच्या आईबापाकडे तिला मागतात. मुलीच्या बापाने आधी फोन करणं म्हणजे पोरगी गळ्यात मारणं. ते वडिलांना सांगायला तिची जीभ रेटली नाही, आणि मला नाही म्हणायलाही रेटली नाही. तिचे वडील तिला विचारायचे, त्या मुलाला आईबाप नाहीत का?

मी जिन्यातच बसलो. पायऱ्यांचा रंग, टेबल, विमान, एकेक गोष्ट डोक्यात येत गेली. एवढं सगळं ती मला सांगत होती आणि मी “छान” म्हणत होतो.

नोकरी सोडून मी कोरीटला आलो आणि आप्पांना सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसून होते. म्हणाले, “आपले काय माहीत, त्यासनाकडे उलटं राहस ते.” मग उठून उभे राहिले. “मी येसू. हात जोडसू तिना बापले.” वरातीमागून घोडं, पण ते घोडं काय जोरात निघालं! कधी सुरतेपलीकडे न गेलेल्या माणसाने पासपोर्ट काढला. माय विचारायला लागली, “तिनी मायले काय आवडस?”

मी इंग्लंडला फोन लावला. काही आडपडदा न ठेवता सांगितलं की आम्ही तिघं तुझ्या घरी जातोय, चूक आमची होती.

“नाही,” ती म्हणाली. “येऊ नका. बाबांनी आता विचारणं सोडलंय. त्यांना पुन्हा वाट बघायला लावू नकोस. तू फक्त ‘जाऊ नको’ म्हणाला असतास, तर मी थांबले असते.” तिच्या तोंडून इतकं सरळ बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्याकडूनच शिकली असेल. मी तिच्यावर अजून प्रेम करतो, हे सांगायच्या आधी फोन बंद झाला होता.

बाहेर आप्पा नवा सदरा घालून बघत होते, खांद्यात नीट बसतो की नाही. “काय म्हने ती?”

मी म्हटलं, “त्यासना घर पाहुना येल शेतस. दिवाळीनंतर जासूत.”

आप्पांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सदरा काढून त्याची घडी केली आणि तो मायजवळ दिला. त्यानंतर किती दिवाळ्या गेल्या, त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.