तांब्याभर पाणी

लग्नाचे व्हिडिओ जुळवायचं माझं काम भूम गावात घरूनच चालतं. उन्हाळ्यात कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडायचा. त्याला पंपानं नळ्यांतून तेच पाणी फिरवून गार ठेवणारं कूलिंग बसवायचं ठरवलं, तर पुण्याच्या दुकानदारानं फोनवर ऐकवलं, "ताई, एवढ्याशा कॅबिनेटमध्ये नाही बसणार. मोठं घ्या." माझं डोकंच फिरलं. ठिबकच्या नळ्या अंथरण्यात माझं बालपण गेलंय, अन् हा मला नळी शिकवणार?

नळ्यांची टोकं गरम पाण्यात बुडवून मऊ केली अन् जोडांवर चढवली. पंप बसेना, तेव्हा कानस घेऊन आतला पत्राच घासला. बोअरच्या पाण्यानं नळीत क्षार धरतो, म्हणून बॅटरीत घालायचं पाणी आणून ओतलं. मग कॅबिनेट तिरकं धरून आतली हवा काढली. एक थेंब गळला नाही.

वडील रोज नळीला हात लावून पाणी चालतंय का बघायचे. टँकरची वाट बघत आमच्या दारात टेकलेल्या शेजाऱ्यांनी एकदा विचारलं, "लई पाणी पीत असंल की हे?"

वडील ताठ बसले.

"एकदाच तांब्याभर घातलंय. आख्खा उन्हाळा त्याच्यावर काढला माझ्या पोरीनं."