मागच्या डाव्या खिडकीची काच

आमच्या आरोग्य केंद्रात दुपारच्या जेवणानंतर ओपीडी रिकामी होते आणि गप्पा भरतात. कुणी नवीन माणूस बदलून आला की त्याला माझ्या गाडीच्या काचेचे किस्से ऐकवले जातात. मी एखादा विसरले तर भोईरमामा आठवण करून देतात. मामा म्हणजे आमच्या ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर. सांगून सांगून एकेका किश्श्याचे आता दोन-दोन, तीन-तीन अवतार झालेत. म्हणून एकदा मीच सांगते. गाडी माझी आहे आणि डोकंही माझंच फिरलं होतं.

*

गाडी माझी, हे मुद्दाम सांगते. मी नर्स आहे. मुरबाडला रेल्वे नाही, त्यामुळे माझी सगळी नोकरी एसटीत उभं राहून नाहीतर शेअर जीपमध्ये कुणाच्या तरी अर्ध्या मांडीवर बसून झाली. तेव्हापासून एक ऐसपैस सीटची गाडी घ्यायची मनात होती. शहापूरच्या एका कंत्राटदाराकडे दुधी रंगाची जुनी ॲम्बॅसॅडर होती. नीट झाकून ठेवलेली, चालू कंडिशनमध्ये. ती मी घेतली.

आमचे हे शाळेत चित्रकला शिकवतात. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. घरी आणताना आम्ही किन्हवलीला चहाला थांबलो. चहा झाल्यावर हे म्हणाले, "आता जरा मागं बसून बघतो, मालकासारखं." बसले आणि दार लावलं. त्यासरशी मागच्या डाव्या खिडकीची काच दारात खाली गेली ती गेलीच. मग दाराच्या पोटात खडी ओतल्यासारखा आवाज झाला.

"मी हळूच लावलं होतं," हे म्हणाले.

हे खाली उतरले आणि दाराच्या फटीतून पडणारे काचेचे खडे रुमालात गोळा करायला लागले. टपरीवाला बघत होता. घरी आल्यावर यांनी तो रुमाल माझ्यासमोर उघडला.

"बघ," म्हणाले, "एकही हरवू दिला नाही."

*

गाडीच्या आरसीची मुदत संपत आली होती. पासिंगची कामं करणारा एजंट म्हणाला, "सिस्टर, खिडकीला काच नसेल तर गाडी पास होणार नाय. आणि पास नाय झाली तर भंगारात." हे माझ्या दिरांच्या कानावर गेलं. तेव्हापासून दर रविवारी त्यांचा फोन. "वहिनी, भंगारवाला ओळखीचा आहे. चांगला माणूस आहे."

शहापूरला हायवेला गाड्यांच्या काचांचं एक दुकान आहे. आम्ही दोघं गेलो. मी विचारलं, "ॲम्बॅसॅडरची मागची डावी काच मिळेल का?" दुकानदारानं माझ्या खांद्यावरून यांच्याकडे बघितलं.

"साहब, कौन सा मॉडल है?"

हे म्हणाले, "क्रीम कलर."

त्यानंतर तो माझ्याशीच बोलला. नंबर घेतला, मागवतो म्हणाला. काही दिवसांनी फोन आला, "मैडम, शीशा आ गया. एकदम ओरिजिनल." मी रजा टाकली आणि जीपनं शहापूर गाठलं. त्यानं कागदाच्या चार घड्या उलगडून माझ्या हातात बाजूचा आरसा ठेवला.

"अहो, हा आरसा आहे."

"शीशा ही तो बोला था."

"शीशा तुम्ही बोललात. मी काच म्हटलं होतं."

त्यानं आरसा उलटसुलट करून बघितला. "हाँ, तो ये काँच का ही है ना."

मीही बघितलं. आरसा चांगला होता. माझं तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं.

*

"कुर्ल्याला मिळेल." हे मला आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं, पोस्टमननं सांगितलं, भाजीवालीनं सांगितलं. कुर्ल्याला कुणीच गेलेलं नव्हतं. शेवटी आम्ही गेलो.

तिथल्या गल्ल्यांत नुसते दारांचे, बंपरांचे, सीटांचे डोंगर. दुपारपर्यंत फिरलो. शेवटी एक म्हातारा व्यापारी भेटला. चष्मा कपाळावर चढवलेला. त्यानं आम्हाला बसवलं, चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं. एवढ्या आपुलकीनं तोपर्यंत कुणी ऐकलं नव्हतं.

"बहनजी, ये पुराना माल अब यहाँ नहीं आता," तो म्हणाला. "अब ये गाँव साइड में ही मिलेगा."

"कुठल्या गाव साइडला?"

त्यानं जरा विचार केला. "वो शहापूर-मुरबाड है ना? उधर पूछ के देखो."

हे घरी पोचेपर्यंत हसत होते. मी नाही.

*

भोईरमामा मात्र दुखावले. "सिस्टर, आमी असताना तुमी कुर्ल्याला गेल्या?" त्या दिवसापासून काचेचं खातं मामांकडे गेलं. त्यांनी पहिलं काम यांना दिलं. दुसऱ्या बाजूची खिडकी बघून पुठ्ठ्यावर तिचा आकार काढायचा.

यांनी त्यात अख्खी संध्याकाळ घातली. पुठ्ठा कापला, कडा पॉलिश पेपरनं घासल्या, मधोमध सुवाच्य अक्षरात 'खिडकी, मागील, डावी' असं लिहिलं आणि खाली कोपऱ्यात सही केली.

मुरबाडला ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणारा एक माणूस आहे. त्यानं त्या पुठ्ठ्यावरून काच कापून आणली. दारात बरोब्बर बसली. हँडल फिरवलं की वर, फिरवलं की खाली. मी पेढे आणले. पेढा खाता खाता डॉक्टर मॅडम गाडीपाशी आल्या आणि काचेवर टिचकी मारून बघितली.

"सिस्टर, ही साधी घरच्या खिडकीची काच आहे. फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे होतील. आणि येते बरोबर बसणाऱ्याच्या मानेशी."

मामा म्हणाले, "मंग? टाकं घालायला तुमी हाय की."

मॅडमनी मामांकडून काच उतरवून घेतली आणि स्टोअररूममध्ये ठेवली.

*

गाडीला टफन्ड काच लागते, फुटली तर जिचे खडे होतात ती. किन्हवलीला झाले तसे. मामा हार मानणारे नव्हेत. त्यांनी कुठल्या तरी बंद पडलेल्या हॉटेलचा टफन्ड काचेचा अख्खा दरवाजा ॲम्ब्युलन्समध्ये मागं घालून, कुणाच्या नजरेस न पडता आणला. कसा आणला ते मी विचारलं नाही.

ॲल्युमिनियमवाला बघूनच म्हणाला, "मामा, टफन्ड कापत नसतात. आधी कापतात, मग भट्टीत घालतात."

"तू हिरा मारून तर बघ. कापत नाय म्हंजे तुजा हिरा बोथट झाला असंल."

ओपीडीच्या व्हरांड्यात दोन बाकांवर दरवाजा आडवा ठेवला. रांगेतले पेशंट बघायला आले, त्यांना मॅडमनी लांब उभं केलं. त्या माणसानं यांचा पुठ्ठा ठेवून काच कापायच्या हिऱ्यानं रेघ मारली आणि कडेला जरासं ठोकलं. फट् असा आवाज झाला आणि दरवाजा नाहीसाच झाला. सगळा व्हरांडा रेशनच्या तांदळाचं पोतं फुटल्यासारखा. बाकांमध्ये पुठ्ठा तेवढा उरला, यांच्या सहीसकट.

कुणाला लागलं नाही. पण एक आजी बीपी तपासायला आली होती, ती दचकली. मॅडमनी तिचं बीपी घेतलं तर वाढलेलं. थोड्या वेळानं परत घेतलं, आणखी वाढलेलं. आजी दंडावरचा पट्टा सोडवत मॅडमना म्हणाली, "माजं ऱ्हाऊ दे गो. त्या सिस्टरचं घे आधी."

*

एव्हाना काचेची गोष्ट गावोगाव झाली होती. पेशंट आधी काचेची चौकशी करायचे, मग स्वतःचं दुखणं सांगायचे. एकदा तानसा धरणाकडचा एक माणूस मुलीकडे आला होता, तो खोकला घेऊन आला. मॅडम त्याची छाती तपासत होत्या.

"मोठा श्वास घ्या."

"आमच्या गावात हाय तसली गाडी."

"बोलू नका, श्वास घ्या."

"मागच्या काचा शाबूत हायेत तिच्या."

मॅडमनी कानातला स्टेथोस्कोप काढला. "कुठलं गाव?"

रविवारी मी, हे आणि भोईरमामा त्या गावाला गेलो. गावाच्या कडेला जांभळाच्या झाडाखाली गाडी होती. चाकं नाहीत, दगडांवर टेकवलेली, आत कोंबड्या. रंग ओळखू येत नव्हता. पण मागची डावी काच जागेवर होती. शेवाळलेली, शिटलेली, अखंड. मी तिच्यावरून हात फिरवला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

घराची मालकीण यमुनामावशी. साठीची, एकटी राहणारी. तिनं आमचं सगळं ऐकून घेतलं.

"काच दिली तर मुंगूस शिरंल," ती म्हणाली. "आनि मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलीय. आता दार उघडायचं नाय."

म्हणजे पिल्लं निघेपर्यंत थांबणं आलं. त्या संध्याकाळी दिरांचा फोन आला.

"वहिनी, मिळाली का काच?"

"मिळाली. पण तिथं कोंबडी बसलीय."

"कुठं?"

"मागच्या सीटवर. पिल्लं निघाली की काच काढू."

मग त्यांनी विचारलं, "दादा आहे का जवळ? त्याला जरा फोन दे."

*

पिल्लं निघाली. मामा आमच्या स्टोअररूममधली साधी काच घेऊन आले. "ही हितं बसवू," म्हणाले. "कोंबड्यांचं काय पासिंग नसतं." एक काच निघाली, दुसरी बसली. मावशीनं हँडल फिरवून बघितलं, मुंगसाची वाट बंद झाल्याची खात्री केली. मी पर्स उघडली तर तिनं माझा हात धरला.

"पैसं नको. मला चालू गाडीत बसव. ह्या काचेच्या बाजूला."

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा बाळू हीच गाडी चालवायचा. गाडी सापगावच्या भातगिरणीवाल्या शेटची. बाळूनं घरच्या बाईला गाडीत बसवायचं नाही, असं शेटनं बजावलेलं. गाडी रात्री दाराशी यायची, सकाळी मावशी ती धुवायची. "म्हायेराला जायची तवा मी रस्त्यानं चालत. ही बाजूनं धूळ उडवत जायची. तो हॉर्न द्यायचा नुसता." पुढं इंजिन गेलं आणि शेटनं गाडी बाळूला देऊन टाकली. बैलांनी ओढत घरी आणली. बाळू गेला. "बसले खूप येळा तिच्यात," मावशी म्हणाली. "पन उभ्या गाडीत."

मी कबूल केलं.

काच शेवाळ घासून, धुऊन आमच्या गाडीला बसली. पासिंगला साहेबांनी दिवे बघितले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबायला लावला. मी दोनदा मागच्या डाव्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. साहेबांनी तिकडं ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. गाडी पास झाली.

*

पुढच्या रविवारी मावशीला आणायला गेलो. पेटीतलं हिरवं लुगडं नेसून ती रस्त्यावर येऊन थांबली होती. मागं डाव्या बाजूला बसली. दार हळू लावलं, काच पूर्ण खाली केली. हे पुढं माझ्या शेजारी.

"मावशी, कुठं जायचं? धरणावर नेऊ?"

"धरान रोज बघते. सापगावला चला."

वाटेत ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बाहेर बघत होती. रस्त्यानं चालणारी बाई दिसली की मान वळवून तिच्याकडं बघायची. सापगावात शिरल्यावर तिनं वळणं सांगितली आणि एका लोखंडी फाटकासमोर थांबवलं.

"हॉर्न मार."

मी वाजवला.

"आजून."

अंगणातून एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. पांढरा लेंगा, अंगात बंडी. गाडी बघून त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी फाटक उघडलं आणि बॉनेटवरून हात फिरवत मागच्या खिडकीपर्यंत आले.

"कोण पाहुणे?" त्यांनी वाकून विचारलं.

"मी, शेट. बाळूची बायको."

त्यांना ओळख पटायला वेळ लागला. "बाळू ड्रायव्हरची? यमुना ना गो तू?" त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा सीटकडं. "गाडीत कशी तू?"

त्यांच्याकडं बघत मावशी हँडल फिरवायला लागली. काच जरा कुरकुरत सावकाश वर आली. शेटनी काही तरी बोलायला हात वर केला, तोवर ती वरच्या रबराला टेकली होती.

"चल आता," ती मला म्हणाली.

मी गिअर टाकला. हे काही विचारणार होते, मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. भातसाच्या पुलावर गाडी आली तेव्हा मागून हँडल फिरल्याचा आवाज झाला. मी आरशात बघितलं. मावशीनं काच पार खाली केली होती, आणि कोपर बाहेर काढून ती आरामात टेकून बसली होती.