कान्हेरीची वाट, पोलंडची पाहुणी आणि एक रिकामी जागा

आमच्या पार्ल्याच्या कॉलेजात परदेशी विद्यापीठांशी देवाणघेवाणीचं काम माझ्याकडे आहे. पोलंडहून करारासाठी आलेल्या मागदाबाई म्हणाल्या, मॉल नको, जुनं काही दाखवा. कान्हेरीची लेणी ठरली. मी शाळेच्या सहलीनंतर तिथे फिरकलेही नव्हते. म्हणून दहिसरहून येणाऱ्या प्रज्ञाला, आमच्या विद्यार्थिनीला, सोबत घेतलं. तिच्या घरचे दर बुद्धपौर्णिमेला लेण्यांवर जातात.

हीच प्रज्ञा दोन-तीन महिन्यांपूर्वी माझ्यासमोर मुलाखतीला बसली होती. पोलंडमध्ये एक सत्र शिकायच्या दोन जागा होत्या. तिचं इंग्रजी अडखळलं आणि मला कॉलेजच्या नावाची काळजी वाटली. एक जागा रिकामी ठेवून मी तिला सांगितलं, "जागा भरल्या गं." ती शेवटच्या वर्षाला आहे, हे मला ठाऊक होतं.

जाणार असाल तर गुंदवलीहून मेट्रो धरा आणि बोरिवलीत राष्ट्रीय उद्यानाला उतरा. सोमवारी बंद असतं. तिकीट दोनदा काढावं लागतं, फाटकावर आणि वर लेण्यांपाशी. मधल्या रस्त्याला बस आहे, उन्हात चालायचा शहाणपणा करू नका. खाऊ पिशवीत तळाशी ठेवा. आमची बिस्किटं माकडांनी नेलीच.

वर पोचलो आणि मागदाबाईंचं इंग्रजी ऐकून मी गार पडले. निम्मं बोलणं हातांनीच! "व्हेअर स्लीप? व्हेअर वॉटर?"

प्रज्ञाने कोठडीतला दगडी ओटा दाखवला, बाहेरचं पाण्याचं टाकं दाखवलं. "स्लीप हियर, स्टडी हियर. होस्टेल, मॅम!"

दोघी खदखदून हसल्या. मग शिलालेख आले, कल्याणच्या व्यापाऱ्यांची दानं आली. प्रज्ञा कुठेच अडखळली नाही. अडखळली तरी बाईंना पर्वा नव्हती. मी मागे बाटल्या सांभाळत, फोटो काढत उभी. काखेत कळसा होता आणि मी गावभर इंग्रजी शोधत फिरत होते.

उतरताना तिखटमीठ लावलेली काकडी घेतली. मागदाबाईंनी मला विचारलं, "शी कम टू अस, यस?"

"जागा भरल्या," मी पुटपुटले.

"नो, नो. वन एम्प्टी!"

प्रज्ञाची काकडी हातातच राहिली. "मॅडम, जागा होती?"

आता काही करता येईल का, असं मी बाईंना विचारलं. सत्र पुढच्या आठवड्यात सुरू होणार होतं, व्हिसाला वेळच नव्हता. बाईंना घेऊन कॉलेजकडे परतताना मेट्रोत मी प्रज्ञाची माफी मागितली. "ठीक आहे मॅडम," म्हणाली आणि गुंदवलीपर्यंत उभ्यानेच आली, शेजारची सीट रिकामी असताना.

कान्हेरीला जरूर जा. मला मात्र लेण्यांपेक्षा ती हातात राहिलेली काकडीच आठवते.

परवा कॉलेजात नवं पोस्टर लागलं, 'परदेशी शिका'. त्यावर लेण्यांतला फोटो, प्रज्ञा आणि मागदाबाई हसताहेत. मला न विचारताच लावलं होतं. मी ते काढायला निघाले, तर प्रज्ञाच समोर उभी.

"राहू द्या ना मॅडम, फोटो झकास आलाय. ज्युनियर विचारतात, ताई, तू कुठल्या देशात जाऊन आलीस?"

"मग काय सांगतेस?"

"बोरिवलीला."