साडूंनी घेतलेली डॉक्टरांची परीक्षा

नगर शहरातले डॉक्टर कुठल्याही रोगाला भीत नसत, पण आमच्या थोरल्या साडूंना भीत, हे मी छातीठोकपणे सांगतो. साडू मूळचे पारनेरकडचे, नगरच्या एका कारखान्यात फिटर. तब्येत अशी ठणठणीत की पैलवानानं वळून बघावं. तरी एकोणीसशे सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराला हा गृहस्थ पाळी सुटली की कुठल्या ना कुठल्या दवाखान्याच्या बाकावर पोट धरून कण्हत बसलेला असायचा.

याचं कारण आक्का. म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. चार पायऱ्या चढली की तिला धाप लागायची, ओठ निळसर पडायचे. साडूंकडे कामगार विम्याचं कार्ड होतं. त्यावर आपल्या पसंतीच्या डॉक्टरचं नाव घालायचं, की घरच्यांचं औषधपाणी त्याच्याकडे. बाकीचे कामगार घराजवळचं नाव घालून मोकळे झाले. साडू म्हणाले, "बैल घ्यायचा तर दात बघतो, चालवून बघतो. आन् डॉक्टर न बघताच घ्यायचा व्हय?"

मग काय, परीक्षाच सुरू झाल्या! जायचं, जीभ काढायची आणि "पोटात लई कळ येती" म्हणून बिनदिक्कत खोटं सांगायचं. एकानं वाक्य पुरं व्हायच्या आत दंडात सुई टोचली. "त्यानं सुई उकळूनच ठिवली हुती. नापास!" दुसऱ्यानं पेपर वाचता वाचता लाल औषध दिलं, ते साडूंनी दारच्या जास्वंदीला घातलं. जास्वंद वाळली. एक होते चांगले एम.डी., पण विम्याचं कार्ड बघितल्याबरोबर त्यांची खुर्चीच भिंतीकडं वळली. इकडे आक्काची धाप वाढत चालली. माझी बायको एकदा चिडून म्हणाली, "दाजी, पुरे झाल्या परीक्षा. अशानं माझी आक्का जाईल हो!" साडूंनी पायात चपला सरकवल्या आणि पुढच्या दवाखान्याकडे निघाले. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता.

शेवटी सावेडीकडे विम्याचं कार्ड घेणारा एक तरुण एम.डी. आल्याचं कळलं. त्या वेळी मीही बरोबर होतो. साडूंनी नेहमीप्रमाणे जीभ काढली, कण्हले. डॉक्टरांनी नाडी बघितली, पोट चाचपलं, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग नळी खाली ठेवून शांतपणे म्हणाले, "तुम्हाला काहीसुद्धा झालेलं नाही. पोट दाबलं तरी तुमचं सगळं लक्ष माझ्या हातांकडे. घरी कोण आजारी आहे?"

अहो, तो धिप्पाड माणूस हुंदके देऊन रडायला लागला! "आईला घाईघाईत जवळच्याकडं नेली हुती, डॉक्टर. त्यानं मान वर न करताच औषिद दिलं. गेली ती. आता हिला न्हाई जाऊ द्यायची." बाहेर येताना नाक पुसत मला म्हणाले, "पाव्हणं, पास!" माझा राग कुठल्या कुठे पळाला.

त्याच संध्याकाळी आक्काला तिथं नेलं. हृदयाचं दुखणं निघालं. औषधं लागू पडली आणि पुढं कितीतरी उन्हाळे आक्का गच्चीवर जाऊन कुरडया घालत होती. साडू मात्र तिच्याआधी गेले, झोपेतच, कुठल्याच डॉक्टरला संधी न देता.

हल्ली दवाखान्याची वारी माझ्याही नशिबी आली आहे. डॉक्टर हुशार आहेत, यंत्रं तर विचारू नका. पण माझ्याआधी आत जाऊन माझ्यासाठी खोटं खोटं कण्हणारं माणूस आता राहिलेलं नाही.