सावरून घेणारी मुलगी

लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीतलं बालनाट्य मीच बसवतो. दिग्दर्शक मी, प्रॉम्प्टर मी आणि राजाचं पोट बिघडलं तर राजाही मीच. तालमीत मुलांकडून एक नियम मात्र घोटून घेतो. समोरचा चुकला की आपण सावरून घ्यायचं, प्रेक्षकांना पत्ता लागू द्यायचा नाही.

एकदा सेनापतीची मिशी बोलता बोलता त्याच्या तोंडातच गेली. बारा वर्षांच्या आमच्या राणीने शांतपणे विचारलं, "सेनापती, उपाशीच निघालात होय युद्धाला?" चाळ हशाने हादरली. मी विंगेत अक्षरशः नाचलो.

नंतर त्याच मुलीला मी पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसलेलं पाहिलं.

आमच्या मंडळाचं मखर करणाऱ्याला सगळे भाऊ म्हणायचे. सजावटीचे खोके तो पोरांकडून पोहोचते करायचा. चाळीत मोठ्यांनी काम सांगायचं आणि दिसेल त्या पोराने धावायचं, त्यात कुणाला काही वाटत नसे. राणी असाच एक खोका घेऊन कॉटन ग्रीनच्या गोदामाकडे निघाली होती. पोलिसांनी तो उघडला. कागदी फुलांखाली एमडीच्या, नशेच्या पावडरीच्या, पुड्या होत्या.

तिची आई मला ओढतच घेऊन गेली. "तिका काय एक ठावक नाय ओ," ती रडत होती. "तुमचा आयकात ती."

साध्या कपड्यांतल्या पोलीस मॅडमनी मला बाजूला घेतलं. "लहान मुलाच्या हातून ड्रग्ज पाठवणाऱ्याला वेगळी शिक्षा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण ही नावच घेत नाही. मीच नेलं, म्हणते. असंच धरून बसली तर तो मोकळा आणि ही निरीक्षणगृहात."

मी तिच्याजवळ बसलो. "बाळा, खोका कुणी दिला?"

"कुणी नाही. माझाच."

चेहरा अगदी कोरा. तालमीत असला चेहरा दिसला असता तर मी वडापाव खाऊ घातला असता.

"खरं सांग."

ती कुजबुजली, "काका, तुम्हीच ना म्हणता, दुसऱ्याला सावरून घ्यायचं? भाऊपण म्हणाले, कुणी पकडलं तर काकांचा नियम आठव."

त्या माणसाने माझी तालीम कट्ट्यावर बसून पाहिली होती. हसला होता, टाळ्या वाजवल्या होत्या.

"तू स्टेजवर अडतेस तेव्हा मी विंगेत असतो की नाही?" मी विचारलं. "आज भाऊ कुठे आहे?"

तिने दाराकडे पाहिलं. मग मॅडमकडे वळली आणि सगळं सांगितलं. किती खेपा, कुठे, कोण खोका घ्यायचं. आवाज खणखणीत, एकही शब्द अडखळला नाही. मी शिकवले तसे थांबे घेत बोलत होती ती.

भाऊला शिक्षा झाली. निकाल सांगायला मी तिच्या घरी गेलो. ती जिन्यात बसली होती.

"सात वर्षं? मी बोलले म्हणून?"

"त्याने केलं म्हणून."

तिने मान हलवली. पटलं नसलं तरी दिग्दर्शकाला हो म्हणतात, तशी. यंदा ती नाटकात नाही. मी विचारायला गेलो, तर तिने आतूनच कडी लावली.