खाज कुणी आणली?

आमच्या बेलवलीच्या बिल्डिंगमध्ये अंजनीचं दार माझ्या दारासमोर. कामालाही आम्ही एकाच ठिकाणी, उल्हासनगर कॅम्प चारला, जीन्स शिवायच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर. अंजनी अंगाने एवढीशी, आवाज त्याहून एवढासा. शेठ ओरडला की मी उलट दोन ऐकवते, ती आपली मुकाट्याने सुईत दोरा ओवते. मी म्हणायचे, अगं बये, तुला कुणीही दाबून टाकेल. आता म्हणत नाही. आई शप्पथ, माझी टाप नाही.

मागच्या उन्हाळ्यात तिला खाली खाज सुटायला लागली. खाली म्हणजे खालीच, आता मी लाजत बसले तर सांगणार कोण? खाज, आग, लघवीला गेलं की चुरचुर. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली, थोडे दिवस बरं वाटलं, मग दुप्पट सुरू. घाबरून ती सारखी जंतुनाशकाच्या पाण्याने धुवायला लागली. नवरा देवदत्त जवळ आला की सरकायची. शेवटी त्याने विचारलं, तिने सांगितलं, आणि तो जो गप्प झाला, त्यावरून तिच्या सासूला, विठाकाकूंना, बरोब्बर सुगावा लागला.

"घरंदाज बाईला असलं काही होत नाही," काकूंचा आवाज माझ्या स्वयंपाकघरापर्यंत. "कारखान्यात निम्मे पुरुष. कुणाकडून आणलंस? उद्या वांगणीला जा आईकडे. पोरगी इथेच राहील."

पोरगी म्हणजे किर्ती, नुकती शाळेत जायला लागलेली. माझं डोकंच फिरलं, तशीच अनवाणी धावले. सासरे हिंदुराव मान खाली घालून पेपर धरून बसलेले, देवदत्त मोबाईलमध्ये. मर्द म्हणे!

मी तोंड उघडणार तेवढ्यात अंजनीच बोलली. "मी जाणार नाही, आई. रोग असेल तर तपासात निघेल. माझी पण तपासणी आणि यांची पण. तोवर मला कुणी काही बोलायचं नाही."

तोच एवढासा आवाज. पण देवदत्तने मोबाईल खाली ठेवला.

सरकारी दवाखान्यात मीच गेले तिच्यासोबत. मागून फुगलेलं तोंड घेऊन देवदत्त आला. डॉक्टरबाईंनी विचारलं, फोड येतात? जखम? अंगावरून जातं, वास येतो? मग पडद्याआड नीट बघितलं, आतला स्राव तपासायला घेतला, दोघांचं रक्त घेतलं. मला कुठे राहवतंय? म्हटलं, "मॅडम, एवढी खाज म्हणजे गुप्तरोगच ना?"

"नुसत्या खाजेवरून मी पण सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "कधी गुप्तरोग असतो आणि काहीच जाणवत नाही. कधी जिवाची आग होते आणि रोग लागलेलाच नसतो. म्हणून तर तपासायचं."

रिपोर्ट आले. दोघंही क्लीन. मग बाईंनी विचारलं, "आतले कपडे कुठल्या कापडाचे घालतेस?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आमच्या कारखान्यात जीन्सच्या खिशाच्या अस्तराचं उरलेलं कापड बायका घेतात आणि जेवणाच्या सुट्टीत चड्ड्या शिवतात. फुकटात काम. अंजनीच्या कापडाचा रंग अंगाला लागायचा, तो एकदाचा उडावा म्हणून ही शहाणी जीन्स धुणाऱ्या धुलाईवाल्याकडून बाटलीभर ब्लीच आणून त्यात चड्ड्या भिजवत होती. खाज सुटल्यावर तर जंतू मरावेत म्हणून जास्तच ओतायची!

बाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, ज्याने जीन्सचा रंग उडतो, ते तुझ्या कातडीला सोडेल का?"

"पण मी पण तसल्याच कापडाच्या घालते, मला काही होत नाही," मी म्हटलं.

"प्रत्येकीची कातडी वेगळी. आणि तू ब्लीच नाही ना ओतत?"

ब्लीच बंद, जंतुनाशक बंद, ती ट्यूब बंद. साधं पाणी, सुती कपडा, बाईंनी लिहून दिलेलं मलम. महिन्याभरात अंजनी शांत झोपायला लागली.

दुसरी कुणी असती तर इथेच विषय मिटवला असता. मी तर नक्कीच. अंजनीने रविवारी सगळ्यांना समोर बसवलं आणि सासऱ्यांदेखत, त्या जागेचं नाव घेऊन, पहिल्यापासून सगळं सांगितलं. ब्लीच, कापड, स्राव, रक्त, सगळं! "मला रोग नव्हता, यांनाही नव्हता. कुणी आणला म्हणून विचारत बसला असतात, तर माझा संसार गेला असता." मी दारात उभी, तोंडाचा आ वासून. केवढं काळीज असेल त्या बाईचं!

काकू उठून आत गेल्या. मला वाटलं, आता भांडी आपटणार. त्यांनी नुसती आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला निघालो तर काकू जिन्यात अंजनीला आडव्या आल्या. "मला पण नेशील का गं त्या डॉक्टरबाईंकडे?"

तेव्हा कळलं. देवदत्तच्या दहावीच्या सुमारास काकूंना असाच त्रास सुरू झाला होता. हिंदुराव तेव्हा अंबरनाथच्या एका कंपनीत रात्रपाळी करायचे. काकूंनी मनाशी ठरवून टाकलं, हेच कुठूनतरी घेऊन आले. डॉक्टरला दाखवलं नाही, नवऱ्याचं ऐकलं नाही, त्यांचं अंथरूण गॅलरीत टाकलं. ते तिथेच राहिलं. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला वारा आवडतो.

डॉक्टरबाईंनी काकूंनाही तपासलं, कातडीचा बारीकसा तुकडा लॅबला पाठवला. पुढच्या वेळी हिंदुरावही आले, बाहेर बाकावर बसले. आत डॉक्टरबाईंनी रिपोर्ट बघून आम्हाला सांगितलं, "हा कातडीचाच आजार आहे, काकू. पाळी गेल्यावर बऱ्याच बायकांना होतो, काहींना त्याआधीही. पूर्ण जात नाही, पण मलमाने आटोक्यात राहतो. मात्र वरचेवर दाखवायला यायचं, अंगावर काढायचं नाही."

"पण लागला कुणाकडून?"

"कुणाकडूनच नाही. हा कुणाकडून लागत नाही आणि कुणाला लागतही नाही."

काकू बाहेर आल्या. हिंदुराव त्यांची पिशवी मांडीवर धरून बसले होते. आजूबाजूला ही गर्दी.

"तुमच्याकडून नव्हतं हो," काकू मोठ्याने म्हणाल्या. "कुणाकडूनच नव्हतं."

"मी सांगितलं होतं," हिंदुराव म्हणाले. आवाजात रागसुद्धा नव्हता.

त्या कजाग बाई तिथेच, त्यांच्या पायाशी फरशीवर बसल्या आणि त्यांनी हंबरडा फोडला. हिंदुराव गडबडून त्यांना उठवायला लागले. "अगं ऊठ, लोक बघतायत."

"बघू देत," काकू म्हणाल्या.