आर्विनाच्या मडक्यातली खाच

माझी मेहुणी आर्विना मडकी घडवते आणि भांडते, दोन्ही एकाच जोमात. आमच्याकडे लग्न झालं की पुरुषच बायकोच्या घरी राहायला जातो, म्हणून तिची भट्टी माझ्याच गळ्यात. मडकी भाजायला मेंढवाड्यातून लेंड्यांच्या वाळक्या ढेपा खणून आणायच्या मी, आणि वर ऐकून घ्यायचं, "जावईबापू, ओल्या आणल्यात."

तीनदा नाकारल्यावर यंदा फ्लॅगस्टाफ शहरातल्या कलाबाजारात तिला जागा मिळाली होती, शनिवारची. त्यासाठी तिने एकच मोठं मडकं केलं. त्याच्या खांद्यावर पूर्वेची डोंगररांग कोरली होती, शिखर न् शिखर. मला तर बघूनच धाप लागली.

सोमवारी तिचा मामा, म्हातारा एलवूड, वर पठारावरच्या गावातून आला. सूर्य डोंगरातल्या कुठल्या खाचेतून उगवतो ते बघून मक्याची पेरणी कधी करायची ते गावाला सांगणारा तोच. त्याने मडकं मांडीवर घेतलं, कोरलेल्या रांगेवरून सावकाश बोटं फिरवली आणि मध्येच थांबला.

"इथली खाच कुठे गेली? मक्याची?"

आर्विना भडकली. तिच्या दारातून ती खाच दिसतच नाही, मध्ये लाल टेकडी येते, आणि ती दिसतं तेच कोरते, असं तिने ठणकावलं. मामा म्हणाला, मग वर गावात जाऊन बघ.

मंगळवारी पहाटे तणतणत ती वर गेली. परत आल्या आल्या सुकलेलं मडकं ओल्या फडक्यात धरून तिने खाच कोरायला घेतली. मी म्हटलं, अगं तडकेल, सगळी मेहनत पाण्यात जाईल. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुरुवारी भाजलं. राख बाजूला केली तर मडकं धड होतं, पिकल्या जर्दाळूच्या रंगाचं. मी चक्क नाचलो.

शुक्रवारी मामाने पुन्हा बोटं फिरवली. खाचेवर बोट ठेवून त्याने विचारलं, मंगळवारी सूर्य नेमका कुठे उगवला. आर्विनाने त्याचं बोट धरून जरा अलीकडे सरकवलं.

"इथे."

मामाने बोट तिथेच ठेवलं. मग म्हणाला, "मला दोन वर्षं दिसत नाही गं. अंदाजाने सांगत होतो."

गेल्या साली मामाने सांगितलेल्या दिवशी पेरलेला आमचा कोवळा मका थंडीने करपला होता आणि आम्ही नशिबाला शिव्या घातल्या होत्या. माझ्या ओठांवर आलं होतं, पण आर्विनाने असं पाहिलं की मी गिळून टाकलं.

मडकं शनिवारी दुपारच्या आत विकलं गेलं. रविवारी उजाडायच्या आधी तिची गाडी वर गावात गेली, आणि मग रोजच जाऊ लागली. मामाच्या शेजारी उभी राहून ती सूर्य कुठे आला ते हळूच सांगते. पेरणीचा दिवस गावाला मोठ्याने मामाच सांगतो.